प्रश्न तुमचे : काचेवरचं संगीत

मोबाइल आणि टॅबवरच्या संगीत-अ‍ॅप्सबद्दल काय विचारायचं असेल ते विचारा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. मी ध्वनिमुद्रणाचं काम करते आणि रविवारी घरी मुलांना गाणं शिकवते. त्यामुळे ही अ‍ॅप्स माझ्यासमोर स्टुडिओतही येतात आणि सतरंजीवरही. सगळ्या पत्रांना इथे जागा नाही. ज्यांचे प्रश्न एकसारखे होते, त्यांनी आपलं उत्तर यातच शोधावं.

नातीने माझ्या टॅबवर ‘ब्लूम’ नावाचं अ‍ॅप घालून दिलं आहे. काचेवर बोट टेकवलं की एक वर्तुळ उमलतं, सूर वाजतो आणि थोड्या वेळाने तोच सूर आपोआप परत येतो. हात न लावता ठेवलं तरी ते वाजतच राहतं. हे संगीत नक्की कोणाचं? माझं, की अ‍ॅप बनवणाऱ्यांचं?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

बाई, तुमचं पत्र मी मुद्दाम पहिलं घेतलं, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. ‘ब्लूम’ २००८ साली आलं, अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर उघडलं त्याच वर्षी. ते केलं ब्रायन ईनो आणि पीटर चिल्व्हर्स या दोघा इंग्रज संगीतकारांनी. चिल्व्हर्स प्रोग्रॅमिंगही करतात. तुम्ही जी सुरावट ऐकता, ती या दोघांनी आधी वाजवून ठेवलेली नाही. त्यांनी नियम ठरवले: कोणत्या सुरांच्या कुटुंबातले सूर मिळतील, त्यांचा नाद कसा असेल, सूर किती वेळाने परत येईल, परत येता येता कसा बदलत, विरत जाईल. बोट कुठे आणि केव्हा टेकवायचं, ते मात्र तुमच्या हातात. म्हणून माझं उत्तर असं: नियम त्यांचे, आणि त्या नियमांतून आज दुपारी तुमच्या टॅबवर जे उमटलं ते तुमचं. पण तुमचा वाटा लहान आहे, हेही मी सांगेन. विसंवादी सूर त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवले आहेत, त्यामुळे तुम्ही चुकूच शकत नाही. रागालाही नियम असतात, पण ते पाळण्याची जबाबदारी गाणाऱ्यावर असते. भूप राग गाताना त्यात नसलेला मध्यम (म) लागू नये याची काळजी गाणाराच घेतो, आणि त्या काळजीतून त्याचा कान तयार होतो. ‘ब्लूम’ ती काळजी तुमच्याकडून काढून घेतं. पाच मिनिटांत आनंद मिळतो तो त्यामुळेच, आणि पाच महिन्यांत प्रगती होत नाही तीही त्यामुळेच.

या कल्पनेचं मूळ मोबाइलच्या कितीतरी आधीचं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझार्टच्या नावाने फाशांचा एक खेळ छापला गेला होता. दोन फासे टाकायचे, आलेल्या बेरजेप्रमाणे तक्त्यातून तयार तुकडा उचलायचा, असे सोळा तुकडे जोडले की नाचाची एक चाल तयार. ईनोंनी १९७८ साली विमानतळासाठी म्हणून जी ध्वनिमुद्रिका केली, तिच्यात फासे नव्हते, टेपचे वेढे होते. एकेका वेढ्यावर गळ्याने लावलेला एकेक सूर. खुद्द ईनोंनी सांगितलेल्या लांब्या अशा आहेत: एक वेढा साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा २५ पूर्णांक ७/८ सेकंदांनी, तिसरा २९ पूर्णांक १५/१६ सेकंदांनी. मी बसून त्यांचा लसावि काढला. तिघेही एका क्षणी सुरू झाले, तर पुन्हा एका क्षणी भेटायला जवळजवळ सत्तावीस दिवस लागतात. सूर तीनच, आणि तरी महिनाभर तीच जुळणी पुन्हा ऐकू येत नाही! अशा संगीताला ‘जनरेटिव्ह म्युझिक’ हे नावही पुढे नव्वदच्या दशकात ईनोंनीच रूढ केलं. तेव्हा त्यांची रचना फ्लॉपीवर विकली गेली होती.

तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून एक प्रयोग सुचवते. नात घरी आली की टॅब बाजूला ठेवा. तिने रूपकच्या सात मात्रा मोजायच्या आणि सातानंतर पुन्हा एकवर टाळी द्यायची. तुम्ही तीनतालाच्या सोळा मोजायच्या. लय एकच ठेवा. दोघींच्या समा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रा, ११२ मात्रांनी एकत्र येतील. तिसरा कोणी झपतालाच्या दहा मोजायला बसला, तर तिघांची सम ५६० मात्रांनी येते. मिनिटाला साठ मात्रांची लय धरली, तर नऊ मिनिटं वीस सेकंद. माझ्या रविवारच्या मुलांना हे फार आवडतं. मधल्या वेळात टाळ्यांची जी नक्षी पडत जाते ती कोणीच ठरवलेली नसते, आणि सम जवळ येतेय हे त्यांना मोजण्याआधी कळायला लागतं. ‘ब्लूम’च्या आत काय चाललं आहे, हे यानंतर समजावून सांगावं लागत नाही.

ईनोंचंच ‘रिफ्लेक्शन’ मी लोकलच्या प्रवासात ऐकतो. सकाळी जाताना आणि रात्री परतताना ते वेगळं वाटतं. हा माझ्या थकव्याचा परिणाम, की खरंच तसं आहे?
— बँक कर्मचारी, डोंबिवली

खरंच तसं आहे. २०१७ च्या १ जानेवारीला ‘रिफ्लेक्शन’ दोन रूपांत आलं: चोपन्न मिनिटांची ध्वनिमुद्रिका आणि कधीच न संपणारं अ‍ॅप. ध्वनिमुद्रिकेत त्या व्यवस्थेतून निघालेला एकच तुकडा गोठवलेला आहे. अ‍ॅपमध्ये ती व्यवस्थाच चालू असते आणि ती घड्याळ पाहते. सकाळी स्वरमेळ जास्त उजळ, दुपारभर तो हळूहळू सरकत संध्याकाळपर्यंत मूळ स्वरावर येतो, आणि उत्तररात्री सूर विरळ आणि संथ होतात. हे वाचताना आपल्याला राग आणि प्रहर आठवणारच. फरक एवढाच की आपल्याकडे भैरव सकाळी गायचा हे गाणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने मिळून पाळलेलं असतं. इथे ते यंत्राने पाळलं आहे, आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तुम्हाला तो लागला, गर्दीच्या डब्यात लागला, याचा मला मनापासून आनंद झाला.

टॅबवरच्या तबल्यावर सराव करतो, पण आवाज बोटाच्या मागून येतो. ब्लूटूथ इअरफोन चांगल्या कंपनीचे आहेत. अ‍ॅप बदलू का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर

अ‍ॅप बदलण्याआधी इअरफोन काढ. बोट टेकलं, तो स्पर्श ओळखला गेला, आवाज तयार झाला, स्पीकरपर्यंत पोचला, या प्रत्येक टप्प्यावर वेळ जातो. त्यात ब्लूटूथ आलं की आवाज बांधून, हवेतून पाठवून, पुन्हा सोडवावा लागतो. एवढ्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, इअरफोन कितीही महाग असले तरी.

हे किती, ते तबल्याच्या भाषेत पाहू. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. चौगुणीत, म्हणजे मात्रेला चार बोल अशा गतीत, एकेका बोलाला मिळतात १२५ मिलिसेकंद. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर झाला, तर ‘धा’ कानावर यायच्या आत तुझं बोट पुढच्या बोलावरून निघूनही गेलेलं असतं. आता हेच अंतरात पाहा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साडेतीन मीटरवर बसलेल्याचा तबला ऐकणं, बैठकीत एवढं आपण नेहमी सांभाळून घेतो. दोनशे मिलिसेकंद म्हणजे अडुसष्ट मीटर. मैदानाच्या त्या टोकाला तबला आणि या टोकाला तुझे हात.

म्हणून वायरचे इअरफोन घे. टॅबला त्यासाठी भोक नसेल, तर यूएसबीचा छोटा जोड मिळतो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘बफर’ (पुढे पाठवण्याआधी साठवून घ्यायचा आवाजाचा तुकडा) दिसत असेल तर तो कमी करून पाहा. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने धरले, तर ५१२ नमुन्यांचा बफर साडेअकरा मिलिसेकंद खातो, २५६ चा त्याच्या निम्मे. फार कमी केलास तर आवाज तडतडेल, मग एक पायरी वर ये. जुन्या अँड्रॉइडवर मात्र हा उशीर मुळातच जास्त असायचा. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून कमी उशिराच्या आवाजासाठी वेगळी सोय आली. टॅब त्याआधीचा असेल, तर त्यावर तबला वाजवू नकोस, ठेका लावून ऐक. आणि काचेवर चाटीचा (तबल्याच्या काठाचा) आणि मैदानाचा (काठ आणि शाई यांमधल्या भागाचा) आवाज वेगळा निघत असला, तरी बोटाला दोन्हीकडे काचच लागते. हाताचा निकास, म्हणजे बोल काढण्याची ढब, त्यावर बनत नाही. बोल, कायद्याची (ठरलेल्या बोलांच्या विस्ताराची) मांडणी, तिहाईचा हिशेब, एवढं त्यावर जरूर कर.

माझ्या विद्यार्थिनी तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून रियाज करतात आणि सूर तपासायला दुसऱ्या अ‍ॅपवरचा कीबोर्ड वाजवतात. गंधार लावताना त्या गोंधळतात. माझं शिकवणं कमी पडतंय का?
— गायनशिक्षिका, सांगली

ताई, तुमचं शिकवणं नाही, त्या दोन अ‍ॅप्सचा गंधार वेगवेगळा आहे. हिशेब सोपा जावा म्हणून षड्ज २४० हर्ट्झचा धरू. तानपुऱ्याची खर्जाची तार मग १२० ची. त्या तारेच्या नादात तिच्या पाचपट कंपनांचा अंशस्वर (मुख्य सुरासोबत आपोआप उमटणारा बारीक सूर) असतो, ६०० चा. हाच आपला स्वयंभू गंधार, तार सप्तकातला. कीबोर्ड अ‍ॅप सप्तकाचे बारा सारखे भाग करतं, त्याचा तार गंधार येतो ६०४.८ च्या आसपास. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच वेळा सूर थरथरतो. मुलगी तानपुऱ्याचं ऐकून खाली येते, कीबोर्डचं ऐकून वर जाते. तिचा कान चांगला आहे, म्हणूनच ती गोंधळते!

कीबोर्ड बंद करायला सांगा. अगदी हवाच असेल, तर ज्यात स्वरांची कंपनं आपल्याला हवी तशी लावून घेता येतात असं अ‍ॅप घ्यायला सांगा. तानपुऱ्याचं अ‍ॅप मात्र राहू द्या. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला, तेव्हापासून लहान घरांत, वसतिगृहांत, परदेशांत कितीतरी मुलींचा रियाज अशा साधनांवर झाला आहे. प्रसाद उपासनी यांचं ‘आयतबलाप्रो’ हे तबला-तानपुऱ्याचं अ‍ॅप गवयांच्या खिशात असतं ते उगाच नाही. पण निवडताना दोन गोष्टी ऐकायला शिकवा. तारा छेडल्यावर गंधार आपोआप ऐकू येतो का? आणि प्रत्येक आवर्तन हुबेहूब मागच्यासारखं आहे का? माझ्याकडे मिरजेचा तानपुरा आहे. त्याच्या घोडीवरचा दोरा केसभर सरकला की जवारी (तारेचा गुंजता नाद) बदलते, बोट जरा तिरपं पडलं की अंशस्वरांची रांग बदलते. एकच आवर्तन पुन्हा पुन्हा लावणारं अ‍ॅप अर्ध्या तासात कानाला बधिर करतं, आणि बधिर कानाने लावलेला सूर पक्का होत नाही.

आणखी एक. हे सगळं फोनच्या स्पीकरवर कधीच नाही. एवढ्याशा स्पीकरला खर्ज धड उमटवताच येत नाही. वायरने एखादा बरा स्पीकर जोडा, तो मुलीच्या मागे ठेवा आणि आवाज तिच्या गळ्यापेक्षा खाली ठेवा.

मुलगी चार वर्षांची आहे. घरात साधा अँड्रॉइड फोन आहे. तिला कोणतं अ‍ॅप द्यावं?
— एक आई, अकोला

विकत काही घेऊ नका. गूगलची ‘क्रोम म्युझिक लॅब’ २०१६ पासून आहे, ती ब्राउझरमध्येच उघडते आणि फुकट आहे. तिच्यात ‘कँडिन्स्की’ नावाचा खेळ आहे. मुलीने रेघ ओढली, गोल काढला, की चित्र वाजतं. शेजारी बसा आणि तिने काढलेलं गाऊन दाखवा. तुमचा गळा कसाही असू दे. चार वर्षांच्या मुलीला आईने आपलं चित्र गायलं, यापेक्षा मोठं काही नसतं. आणि वेळ ठरवून फोन काढून घ्या. मग डबा आणि चमचा द्या, तोही स्पर्शाला उत्तर देतो.

मी शब्द लिहून दिले आणि एका एआय अ‍ॅपने अख्खं मराठी गाणं बनवलं, गायकाच्या आवाजासह. मित्र म्हणतात हेही ‘जनरेटिव्ह’च. मग यात आणि ‘ब्लूम’मध्ये फरक काय? आणि हे गाणं माझं म्हणू का?
— सॉफ्टवेअर अभियंता, नागपूर

नाव एक, वस्तू दोन. ‘ब्लूम’चे नियम दोन माणसांनी विचार करून लिहिले, आणि ते कोण हे आपल्याला माहीत आहे. तुमच्या अ‍ॅपचे नियम कोणी लिहिलेले नाहीत, ते अफाट ध्वनिमुद्रणं पचवून तयार झाले आहेत. ती ध्वनिमुद्रणं कोणाची, त्यांना विचारलं होतं का, हाच वाद आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ‘सुनो’ आणि ‘युडिओ’ या दोन सेवांवर खटले भरले ते याच कारणाने.

माझं मत मी स्पष्ट सांगते. शब्द तुमचे असतील, तर शब्द तुमचे म्हणा. चाल आणि गळा तुमचा नाही. ज्या वादकांना मी गेली कित्येक वर्षं माइकसमोर बसवते, त्यांची बोटं, त्यांची उसंत, त्यांचा श्वास कुठेतरी त्या पोटात गेला असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही. तुमचे शब्द चांगले असतील, तर नागपुरात ते गाणारं कोणीतरी भेटेल. त्याला मानधन द्या आणि पहिल्या तालमीला स्वतः बसा. तिसऱ्या ओळीवर तो अडखळेल, तेव्हा ती ओळ तुम्हाला बदलावीशी वाटेल. गाणं तिथून तुमचं व्हायला लागतं.

मी व्हायोलिन वाजवतो. काचेवर वाजणाऱ्या गोष्टीला वाद्य म्हणायचं का?
— चर्चमधील वादक, मडगाव

काहींना म्हणायचं. गे वांग यांच्या ‘स्म्यूल’ कंपनीने २००८ सालीच ‘ओकारिना’ आणलं. फोनच्या माइकवर फुंकायचं, काचेवरच्या चार भोकांवर बोटं ठेवायची, फोन कलवला की कंप येतो. चुकीचा सूर वाजवायची सोय त्यात होती, म्हणून मी त्याला वाद्य म्हणते. ‘जिओश्रेड’ या अ‍ॅपवर बोट सरकवून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि गमक (सुराचं आंदोलन) काढता येतात. महेश राघवन त्यावर कर्नाटक संगीत वाजवतात ते ऐका. तुमच्यासारख्या बिनपडद्याच्या वाद्यावर वाढलेल्या माणसाला त्यात काय चाललं आहे ते पहिल्या सुराला कळेल. माझी कसोटी एवढीच आहे: चुकता येतं का, आणि सरावाने कमी चुकता येतं का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर ते वाद्य.

आइसलँडची गायिका ब्यर्क हिचं ‘बायोफिलिया’ अ‍ॅप मी फार पूर्वी आयपॅडवर घेतलं होतं. त्या काळात घेतलेली माझी बाकीची काही संगीत-अ‍ॅप्स आता उघडतच नाहीत. पैसे देऊन घेतलेली वस्तू अशी कशी नाहीशी होते?
— वास्तुविशारद, पुणे

तुमची तक्रार रास्त आहे, आणि या क्षेत्रातली सगळ्यांत दुखरी गोष्टही हीच आहे. ‘बायोफिलिया’ २०११ चं. दहा गाणी, प्रत्येकाला स्वतःचा खेळ. ‘व्हायरस’मध्ये पेशीवर हल्ला होतो, आणि तुम्ही तिला वाचवत राहिलात तर गाणं पुढेच सरकत नाही. गाणं पूर्ण ऐकायचं, तर हरावं लागतं. एवढा विचार बोटाच्या स्पर्शात भरलेलं दुसरं उदाहरण मला चटकन सांगता येणार नाही. न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयाने २०१४ मध्ये ते संग्रहात घेतलं, त्यांच्या संग्रहातलं हे पहिलं अ‍ॅप.

पण अ‍ॅप यंत्राच्या आणि कार्यप्रणालीच्या आधारावर उभं असतं. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि ३२ बिटची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी बांधलेली, अ‍ॅप्स एका रात्रीत चालेनाशी झाली. बनवणाऱ्यांनी नव्याने बांधली ती जगली. ज्यांच्याकडे माणसं किंवा पैसे नव्हते, त्यांची गेली. ‘आरजेडीजे’ आठवतं? रस्त्यावरचे आवाज माइकमधून घेऊन तिथल्या तिथे संगीतात विणणारं ते अ‍ॅप कंपनीने गुंडाळलं, आणि त्याच्यासाठी रचलेलं संगीत वाजवायला जागा उरली नाही. छापलेली स्वरलिपी कोणीही उघडून गाऊ शकतो, इथे तसं नाही. ‘ब्लूम’ सुदैवी, त्याची २०१८ ची नवी आवृत्ती अँड्रॉइडवरही चालते.

तुमचं जुनं आयपॅड अजून सुरू होत असेल, तर आजच त्यातलं आपोआप अपडेट बंद करा आणि कोणी आग्रह केला तरी नवी प्रणाली घालू नका. त्यावर जे उघडतं, ते वाजवून वायरने ध्वनिमुद्रित करून ठेवा, आणि शेजारी कोणाला तरी उभं करून बोटं काचेवर कशी फिरतात त्याचं चित्रणही करा. तुम्ही त्या दिवशी वाजवलेलं एवढंच त्यातून टिकेल, व्यवस्था टिकणार नाही. तरी ते करा. यंत्र कपाटात ठेवायचं झालं, तर बॅटरी पूर्ण संपवून ठेवू नका, निम्मी भरून ठेवा आणि काही महिन्यांनी काढून पुन्हा तेवढी भरा. ध्वनिमुद्रण कसं करायचं यात अडलात, तर यंत्र कोणतं आहे ते लिहून कळवा, जोडणी मी पुढच्या अंकात सांगेन.